ल्यूसी विल्स यांचे मुंबईतील संशोधन : गर्भवतीचा रक्तक्षय, आहार आणि सामाजिक परिस्थिती

गोषवारा

इ. स. १९२८ ते १९३३ या काळात ब्रिटिश संशोधक डॉ. ल्यूसी विल्स यांनी मुंबईतील हाफकिन संस्थेत गर्भवती स्त्रियांच्या तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास केला. पुढे ‘फॉलिक आम्ल’ या नावाने ओळखल्या गेलेल्या पोषक द्रव्याच्या शोधाचा आरंभ या अभ्यासातून झाला. वैद्यकाच्या इतिहासात विल्स यांचे नाव प्रामुख्याने या द्रव्याशी जोडले जाते. तथापि, स्त्रियांचा आहार आणि राहणीमान यांची पाहणी हा त्यांच्या संशोधनाचा पाया होता. ही बाजू पुढील काळात मागे पडली. प्रस्तुत लेखात त्यांच्या कारकिर्दीचा आढावा घेऊन, आहाराविषयीच्या एका सामाजिक निष्कर्षाचे रूपांतर गोळीच्या रूपातील उपायात कसे झाले, याचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : मातृआरोग्य, रक्तक्षय, हाफकिन संस्था, फॉलिक आम्ल, आहार सर्वेक्षण, साथरोगशास्त्र.

१. प्रस्तावना

आधुनिक महाराष्ट्राच्या आरोग्यविषयक इतिहासाचे लेखन बव्हंशी साथींभोवती फिरत राहिले आहे. १८९६ चा मुंबईतील प्लेग, पटकी, देवी, १९१८ चा इन्फ्लुएन्झा या आपत्तींनी समाज हादरला, सरकारला कायदे करावे लागले आणि त्यामुळे त्यांची कागदपत्रेही विपुल निर्माण झाली. हाफकिन संस्थेचे नाव घेताच प्लेगची लस आठवते, तेही याच कारणामुळे. याउलट बाळंतपणात होणारे मृत्यू एकेका घरात, एकेकटे घडत. त्यांनी शहर बंद पडत नसे किंवा व्यापार थांबत नसे. त्यामुळे मातामृत्यू हा दीर्घकाळ दैवाचा किंवा फार तर सुईणीच्या अज्ञानाचा विषय मानला गेला.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात या विषयाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याचे जे प्रयत्न मुंबईत झाले, त्यांत डॉ. ल्यूसी विल्स यांचे कार्य महत्त्वाचे आहे. विल्स यांचे शिक्षण विकृतिशास्त्र व रक्तशास्त्र या शाखांतील होते. साथरोगतज्ज्ञ हे बिरुद त्यांना क्वचितच लावले जाते. परंतु रोग कोणाला होतो, कोणाला होत नाही आणि या दोन गटांच्या जीवनात कोणता फरक असतो, हा साथरोगशास्त्राचा मूलभूत प्रश्न आहे. विल्स यांनी मुंबईत नेमका हाच प्रश्न विचारला. त्या अर्थाने मातृपोषणाच्या साथरोगशास्त्रीय अभ्यासाच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना करावी लागते.

२. शिक्षण आणि जडणघडण

ल्यूसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड येथे झाला. वडील विज्ञानाचे पदवीधर होते, तर आईचे वडील बर्मिंगहॅममधील नामांकित डॉक्टर होते. मुलींना विज्ञान व गणित शिकवणाऱ्या चेल्टनहॅम येथील शाळेत शिक्षण घेतल्यानंतर १९०७ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे वनस्पतिशास्त्र व भूशास्त्र हे त्यांचे विषय होते. १९११ मध्ये त्यांचा अभ्यासक्रम पूर्ण झाला. मात्र केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पदव्या देण्यास १९४८ मध्ये सुरुवात केली. म्हणजे विल्स यांच्या पिढीतील स्त्रियांनी परीक्षा दिल्या, पण पूर्ण पदवीचा अधिकार त्यांना मिळाला नाही, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा विल्स दक्षिण आफ्रिकेत होत्या. केपटाउन येथे त्यांनी काही काळ स्वयंसेवी परिचारिका म्हणून काम केले. १९१५ मध्ये त्या लंडनमधील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. हे महाविद्यालय रॉयल फ्री रुग्णालयाशी संलग्न होते. १९२० मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या. स्वतंत्र वैद्यकीय व्यवसाय न करता त्यांनी रॉयल फ्री रुग्णालयातच अध्यापन व संशोधनाचा मार्ग पत्करला आणि गर्भावस्थेत शरीरात होणाऱ्या रासायनिक बदलांचा अभ्यास सुरू केला. मुंबईतील कार्यासाठी लागणारी पूर्वतयारी येथेच झाली.

३. मुंबई १९२८ : प्रश्नाची पार्श्वभूमी

भारतातील मातामृत्यूंविषयी १९२० नंतरच्या दशकात मोठी चर्चा झाली. १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथरिन मेयो यांच्या ‘मदर इंडिया’ या पुस्तकाने या चर्चेला कटू राजकीय वळण दिले. स्त्रियांच्या दुरवस्थेचे कारण बालविवाह, पडदा आणि अशिक्षित सुईणी यांत, म्हणजे येथील समाजाच्या चालीरीतींत शोधण्याकडे या लेखनाचा कल होता. या चालीरीतींचे दुष्परिणाम येथील समाजसुधारकांनीही दाखवून दिले होते. परंतु गरिबी, वेतन आणि अन्न हे प्रश्न या मांडणीत दुय्यम ठरत.

मुंबईतील गिरणगावाची स्थिती या दृष्टीने बोलकी होती. कापड गिरण्यांमध्ये हजारो स्त्रिया काम करीत होत्या. एका खोलीत अनेकांचा संसार, बाळंतपणाच्या तोंडापर्यंत काम आणि बाळंतपणानंतर बुडणारी मजुरी, अशी त्यांची परिस्थिती होती. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्या विधेयकाला पाठिंबा दिला. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूतिलाभ कायदा संमत झाला. भारतातील अशा प्रकारचा हा पहिला कायदा होय.

याच सुमारास ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’ या संस्थेच्या वतीने मातामृत्यूंच्या कारणांची चौकशी सुरू झाली. १९११ मध्ये स्थापन झालेली ही संस्था १९४९ पासून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद या नावाने ओळखली जाते. भारतातील स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेत दीर्घकाळ काम केलेल्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी या चौकशीत सहभागी होण्यासाठी विल्स यांना पाचारण केले. गर्भवती स्त्रियांमध्ये आढळणारा एक विशिष्ट व तीव्र रक्तक्षय हा त्यांच्या अभ्यासाचा विषय ठरला. विल्स १९२८ मध्ये परळच्या हाफकिन संस्थेत रुजू झाल्या. गिरणगावाच्या मध्यभागी असलेली ही संस्था या अभ्यासासाठी सर्वार्थाने योग्य जागी होती.

४. आहाराची पाहणी

लोहाच्या अभावी होणाऱ्या रक्तक्षयात रक्तातील लाल पेशी लहान व फिकट होतात. मुंबईतील या स्त्रियांच्या रक्तात मात्र त्या नेहमीपेक्षा मोठ्या आढळत. या प्रकाराला मॅक्रोसायटिक ॲनिमिया असे म्हणतात. पाश्चात्त्य वैद्यकाला परिचित असलेल्या ‘पर्निशियस ॲनिमिया’ या घातक आजारातही पेशी अशाच मोठ्या होतात. त्यामुळे मुंबईतील आजाराला ‘गर्भावस्थेतील पर्निशियस ॲनिमिया’ असे नाव दिले गेले होते. मूळ पर्निशियस ॲनिमिया प्रायः उतारवयात होतो व त्यात जठरातील आम्ल नाहीसे होते. मुंबईतील रुग्ण मात्र तरुण स्त्रिया होत्या आणि त्यांच्या जठरातील आम्ल शाबूत होते. नाव एक असले तरी आजार एक नाही, हे विल्स यांनी दाखवून दिले.

मग या आजाराचे कारण काय, हे शोधण्यासाठी विल्स यांनी केवळ रक्ताच्या नमुन्यांवर विसंबून न राहता रुग्णांच्या जीवनपद्धतीकडे लक्ष वळवले. मुंबईतील निरनिराळ्या स्तरांतील स्त्रियांचा आहार आणि आरोग्यविषयक परिस्थिती यांची पाहणी करण्यात आली. १९३० मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ या नियतकालिकात ही पाहणी विल्स आणि तळपदे यांच्या नावे प्रसिद्ध झाली. याच मालेतील आधीचा प्राथमिक अहवाल विल्स आणि मेहता यांच्या नावे होता. या संशोधनातील भारतीय सहकाऱ्यांचा वाटा या नोंदींवरून स्पष्ट होतो.

पाहणीतून निघालेला निष्कर्ष असा की, स्त्रीचा आहार जितका निकृष्ट, तितकी गर्भावस्थेत हा रक्तक्षय होण्याची शक्यता अधिक. गरीब मुस्लिम स्त्रियांचा आहार सर्वांत निकृष्ट होता आणि त्यांच्यातच आजाराचे प्रमाणही सर्वाधिक होते. वसाहतकालीन रीतीप्रमाणे येथे स्त्रियांची वर्गवारी धर्म व जात यांनुसार केलेली होती, हे आजच्या वाचकाने ध्यानात घ्यावयास हवे. अशा वर्गवारीतून रोगाचे खापर एखाद्या समाजावर फोडले जाण्याचा धोका असतो. विल्स यांच्या मांडणीचे वेगळेपण असे की, त्या समाजाच्या नावापाशी थांबल्या नाहीत. त्या समाजातील गरीब स्त्रीच्या ताटात काय आहे आणि काय नाही, असा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला. समाजाच्या नावामागे दडलेले खरे कारण अन्न हे होते आणि ते बदलता येण्यासारखे होते.

५. प्रयोगशाळेतील शोध

आहारातील नेमके कोणते द्रव्य कमी पडते, हे पाहणीतून कळणे शक्य नव्हते. त्यासाठी प्राण्यांवरील प्रयोग आवश्यक होते. १९२९ मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर या काळात विल्स यांनी आपले काम निलगिरीतील कुन्नूर येथील पाश्चर संस्थेत हलवले. आहारशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅकॅरिसन तेथील पोषण संशोधनाचे प्रमुख होते. १९३१ च्या आरंभी मद्रास येथील ‘कास्ट अँड गोशा’ रुग्णालयातही त्यांनी काम केले. हे रुग्णालय पुढे कस्तुरबा गांधी रुग्णालय म्हणून ओळखले जाऊ लागले.

मुंबईतील गरीब मुस्लिम स्त्रियांच्या आहारासारखा आहार पांढऱ्या उंदरांना देण्यात आला. गाभण माद्यांना रक्तक्षय झाला आणि अनेक माद्या पिले होण्यापूर्वीच दगावल्या. आहारात यीस्टची भर घातल्यावर हा रक्तक्षय टळला. मात्र या उंदरांमध्ये उवांमुळे संसर्ग पसरल्याचे आढळल्याने निष्कर्षांबाबत शंका निर्माण झाली. परिणामी ऱ्हीसस माकडांवर नव्याने प्रयोग करण्यात आले. निकृष्ट आहार दिलेल्या माकडांमध्येही मोठ्या पेशींचा रक्तक्षय निर्माण झाला. विल्स आणि बिलिमोरिया यांनी १९३२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उंदीर आणि माकडे यांना धर्म नसतो किंवा पडदाही नसतो. स्त्रियांचे अन्न त्यांना दिले असता स्त्रियांसारखाच आजार त्यांनाही झाला, याचा अर्थ कारण अन्नातच आहे, हे या प्रयोगांनी सिद्ध केले.

उपचारांच्या बाजूनेही क्रमाक्रमाने शक्यता तपासण्यात आल्या. ‘अ’ आणि ‘क’ जीवनसत्त्वांचा उपयोग झाला नाही. यकृताच्या कच्च्या अर्काने रुग्ण बरे होत, पण तो महाग पडे. यीस्टपासून बनवलेला ‘मार्माइट’ हा अर्क मात्र स्वस्त होता. इंग्लंडमध्ये बिअर गाळून उरलेल्या यीस्टपासून तो तयार होई व पावाला लावून खाल्ला जाई. आजारी माकडाला मार्माइट दिल्यावर ते झपाट्याने सुधारले. पुढे गर्भवती रुग्णांनाही त्याचा तसाच गुण आला. १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विल्स यांनी हे निष्कर्ष मांडले. यकृत हे मांसाहारी घरांतही सर्वांना परवडणारे नव्हते आणि शाकाहारी घरांत तर निषिद्धच होते. अशा समाजात शाकाहारी व स्वस्त उपाय सापडणे, याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

६. ‘विल्स घटक’ ते फॉलिक आम्ल

यीस्टमध्ये नेमके काय आहे, हे तेव्हा ज्ञात नव्हते. यकृताचा शुद्ध केलेला अर्क मूळ पर्निशियस ॲनिमियावर गुणकारी ठरे, पण मुंबईतील आजारावर त्याचा परिणाम होत नसे. त्यावरून विल्स यांनी असा तर्क केला की, कच्च्या यकृतअर्कात व यीस्टमध्ये एक वेगळे द्रव्य असले पाहिजे आणि अर्क शुद्ध करताना ते नाहीसे होत असले पाहिजे. १९३७ मध्ये क्लटरबक आणि इव्हान्स यांच्यासह त्यांनी या द्रव्याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. वैद्यकीय वाङ्मयात हे द्रव्य ‘विल्स घटक’ म्हणून ओळखले जाऊ लागले. नोव्हेंबर १९३७ ते जानेवारी १९३८ या काळात सुमारे दहा आठवडे त्या पुन्हा हाफकिन संस्थेत काम करीत होत्या.

१९४१ मध्ये अमेरिकेतील मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी पालकाच्या पानांपासून एक द्रव्य वेगळे केले व पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल असे नाव दिले. १९४५ मध्ये लेडर्ले प्रयोगशाळेतील संशोधकांनी ते कृत्रिमरीत्या तयार केले. आंध्रातील भीमावरम येथे १८९५ मध्ये जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव हे त्या प्रयोगशाळेचे संशोधनप्रमुख होते. मुंबईत सुरू झालेला शोध अशा रीतीने अमेरिकेत एका भारतीय शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली पूर्णत्वास गेला. १९४८ मध्ये ब-१२ जीवनसत्त्व वेगळे करण्यात आले आणि मूळ पर्निशियस ॲनिमियावर गुणकारी ठरणारे द्रव्य ते हेच, हे स्पष्ट झाले. दोन आजार भिन्न आहेत, हा विल्स यांचा तर्क त्यामुळे पूर्णतः खरा ठरला.

नवीन पेशी तयार होण्यासाठी फॉलिक आम्ल आवश्यक असते. ते कमी पडल्यास अस्थिमज्जेतील पेशी वाढतात, परंतु वेळेवर विभागल्या जात नाहीत. त्यामुळे रक्तात मोठ्या आकाराच्या, पण संख्येने थोड्या पेशी येतात. गर्भ व वार यांच्या वाढीमुळे गर्भावस्थेत या द्रव्याची गरज वाढते. म्हणून एरवी जेमतेम पुरणारा आहार याच काळात अपुरा पडतो. १९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, पूर्वी मेंदू व मज्जारज्जूचे जन्मजात व्यंग असलेले मूल झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेच्या सुमारास फॉलिक आम्ल घेतल्यास अशा व्यंगाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी कमी होते, असे दिसून आले. त्यानंतर या द्रव्याला जगभर नवे महत्त्व प्राप्त झाले.

७. उत्तरायुष्य

१९३८ पासून विल्स रॉयल फ्री रुग्णालयात पूर्णवेळ काम करू लागल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने शिधावाटपात गर्भवती स्त्रियांसाठी दूध व इतर पोषक अन्नाची विशेष तरतूद केली होती. या शिधायोजनेचा आणि नियमितपणे दिलेल्या लोहाचा गर्भवतींच्या हिमोग्लोबिनवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास विल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला व तो १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. अन्नविषयक सरकारी धोरण आणि गर्भवतीचे रक्त यांचा संबंध तपासण्याची मुंबईतील दृष्टी येथेही कायम राहिलेली दिसते.

१९४७ मध्ये निवृत्त झाल्यावर जमैका, फिजी आणि दक्षिण आफ्रिका येथे त्यांनी पोषण व रक्तक्षय यांचा अभ्यास चालू ठेवला. आयुष्याच्या अखेरच्या दशकात मजूर पक्षाच्या वतीने त्या लंडनमधील चेल्सी येथे नगरसेविका होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

८. पाहणीकडून गोळीकडे

स्वतंत्र भारतात १९७० मध्ये राष्ट्रीय पोषणजन्य रक्तक्षय प्रतिबंधक कार्यक्रम सुरू झाला आणि गर्भवतींना लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या देण्यात येऊ लागल्या. २०१८ मधील ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात गर्भवतीसाठी रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असे प्रमाण ठरवण्यात आले. खेडोपाडी पोहोचलेल्या या गोळीत विल्स यांच्या मुंबईतील संशोधनाचा अंश आहे. तिची उपयुक्तता निर्विवाद आहे. असे असूनही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील रक्तक्षयग्रस्त गर्भवतींचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५०.४ टक्के, तर २०१९-२१ मध्ये ५२.२ टक्के होते. जवळजवळ अर्धशतकाच्या कार्यक्रमानंतरची ही आकडेवारी विचार करावयास लावणारी आहे.

या संदर्भात पुणे येथील के. ई. एम. रुग्णालयाच्या वतीने १९९३ मध्ये सुरू झालेला मातृपोषण अभ्यास विशेष उल्लेखनीय आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखालील या अभ्यासात पुण्याजवळील सहा खेड्यांतील स्त्रियांची गर्भावस्थेत व त्यांच्या मुलांची पुढे अनेक वर्षे तपासणी करण्यात आली. ज्या स्त्रिया गर्भावस्थेत हिरव्या पालेभाज्या व फळे अधिक वेळा खात, त्यांची मुले जन्मतः अधिक वाढीची होती, असे २००१ मध्ये शोभा राव व सहकाऱ्यांनी दाखवून दिले. २००८ मधील निबंधात आणखी महत्त्वाची बाब समोर आली. या मातांपैकी सुमारे दोनतृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती, तर लाल पेशींतील फोलेटचे प्रमाण अवघ्या एका मातेत कमी होते. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक आढळला.

मुंबईतील १९२८ चे चित्र आणि पुण्याच्या खेड्यांतील १९९३ नंतरचे चित्र यांत मोठा फरक आहे. पहिल्या ठिकाणी जे द्रव्य कमी पडत होते, ते दुसऱ्या ठिकाणी पुरेसे होते व कमतरता दुसऱ्याच द्रव्याची होती. स्थळ, काळ आणि आहार बदलला की कमतरताही बदलते. म्हणून एका ठिकाणी सापडलेले उत्तर सर्वत्र व सर्वकाळ लागू करण्यापूर्वी तेथील स्त्रिया काय खातात, याची पाहणी नव्याने करावी लागते. विल्स यांच्या पद्धतीचे सार हेच होते. गोळी स्वीकारताना ती पद्धत मात्र विस्मरणात गेली. गर्भवतीच्या आहाराकडे शासनाचे लक्षच नव्हते, असे म्हणता येत नाही. १९७५ पासूनच्या एकात्मिक बालविकास योजनेत गर्भवतींसाठी पूरक आहाराची तरतूद आहे. महाराष्ट्रात २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण देण्याची व्यवस्था करण्यात आली. गोळीऐवजी ताटाचा विचार करणारी ही दिशा विल्स यांच्या मूळ निष्कर्षाशी अधिक जवळची आहे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) मातामृत्यूंची कारणे केवळ चालीरीतींत शोधण्याच्या काळात विल्स यांनी आहाराचा प्रश्न पुराव्यांनिशी मांडला. गर्भवतीचा आजार हा तिच्या समाजाचा दोष नसून तिच्या अन्नाचा प्रश्न आहे, हे त्यांनी सिद्ध केले.

२) वस्तीतील पाहणी, प्रयोगशाळा आणि रुग्णशय्या या तिन्हींची सांगड हे त्यांच्या संशोधनाचे वैशिष्ट्य होते. यांपैकी कोणतीही एक बाजू वगळली असती, तर हा शोध पूर्ण झाला नसता.

३) या संशोधनात मुंबई हे केवळ रुग्ण पुरवणारे शहर नव्हते. हाफकिन संस्था आणि मेहता, तळपदे, बिलिमोरिया यांच्यासारखे सहकारी यांचा त्यात प्रत्यक्ष वाटा होता. मात्र ज्या स्त्रियांच्या रक्तावर आणि आहारावर हे ज्ञान उभे राहिले, त्यांची नावे इतिहासात आलेली नाहीत, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

४) शोधाचे फलित गोळीच्या रूपाने टिकले, परंतु त्यामागील सामाजिक निष्कर्ष मागे पडला. पुणे येथील अभ्यासाने त्या निष्कर्षाची आवश्यकता पुन्हा दाखवून दिली आहे.

गिरणगावातील गरीब स्त्रीला पुरेसे व सकस अन्न का मिळत नाही, हा प्रश्न विल्स यांच्या पाहणीत अंतर्भूत होता. कोणते द्रव्य कमी पडते, याचे उत्तर प्रयोगशाळेने दिले. ते द्रव्य तिच्या आहारात का नाही, याचे उत्तर वेतन, कामाचे तास, घरातील स्त्रीचे स्थान आणि शासनाचे अन्नधोरण यांत शोधावे लागते. वैद्यकाच्या इतिहासाचा अभ्यास सामाजिक इतिहासापासून वेगळा करता येत नाही, हे ल्यूसी विल्स यांच्या कारकिर्दीवरून स्पष्ट होते.